बूट वाचणारे दत्तोबा साळोखे यांच्या नावाबाबत

अर्जदार: मी स्वतः. दोहा शहरात अल नस्र भागातील टायपिंगच्या दुकानात बसून अर्ज लिहून देणारा. शिक्षण सातवी पूर्ण व आठवी अर्धी.

ज्यांच्याबद्दल अर्ज: दत्तोबा बाळकू साळोखे, मूळ राहणार कोल्हापूर. हुद्दा: येथील एका फुटबॉल क्लबाचे बूट, चेंडू आणि गवत सांभाळणे.

काळ: एकोणीसशे सत्तरचे दशक सरत आले होते तेव्हाचा एक उन्हाळा. नेमकी तारीख ज्या कागदावर होती त्या कागदाचे काय झाले ते पुढे येईल.

साक्षीदार: एक, कोया, क्लबाचा केरळी आचारी. दोन, यूसुफ, खेळाडू. तीन, मी. माझ्या साक्षीस कोणी हरकत घेऊ नये, कारण या प्रकरणात जी चूक झाली ती माझी होती आणि ती मी कबूल करणार आहे.

माणसाची ओळख नाव, गाव, हुद्दा या क्रमाने करून द्यावी अशी माझी पद्धत आहे. दत्तोबांच्या बाबतीत ती अपुरी पडते हे मी आरंभीच मान्य करतो. ते प्रथम माझ्या दुकानात आले तेव्हा त्यांनी नाव सांगितले नाही की गाव सांगितले नाही. काखेतून फुटबॉलचा एक बूट काढला आणि माझ्या टेबलावर, एका इलेक्ट्रिशियनच्या रजेच्या अर्जावर, तळ वर करून ठेवला.

“वाच,” ते म्हणाले.

“काय वाचू?”

“बूट. तुला लिवलेलं वाचाय येतंय न्हवं? बाहीर पाटीवर तर तसंच हाय.”

मी त्यांना योग्य त्या शब्दांत सांगितले की, हे अर्ज लिहिण्याचे दुकान असून बूट दुरुस्त करणारा मशिदीच्या मागील गल्लीत बसतो. ते माझ्याकडे पाहून हसले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, कानाच्या पाळ्यांवर केस असलेला असा तो गृहस्थ होता. बुटाच्या तळावर अंगठा फिरवत ते म्हणाले, “हितं बग. ह्या अंगाला झिजलाय, त्या अंगाला कोरा हाय. म्हंजे गडी डावीकडं वळतोय, उजवीकडं वळाय भितोय. गुडघा दुखत आसनार. कुनाला सांगत न्हाई. बुटानं सांगितलं.” मग त्यांनी वाकून टेबलाखाली माझ्या चपलांकडे पाहिले. “आनि तुजं सांगू काय, वकील? तू निघताना घाई करतोस आनि पोचाय तुला नको असतंय. टाचा बग कशा घासल्यात.”

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्या सुमारास सलग दोन वर्षे मी घरी गेलो नव्हतो, आणि त्याची जी कारणे मी पत्नीस पत्राने कळवीत होतो ती मला स्वतःलाही फारशी पटत नव्हती. ही गोष्ट एका परक्या माणसाने माझ्या चपलेवरून वाचावी, याचा मला त्या दिवशी राग आला. पुढच्या महिन्यात मी रजा घेऊन गावी जाऊन आलो, हेही नमूद करतो.

त्या दिवशी ते मुलीला पत्र लिहून घेण्यासाठी आले होते. मुलगी मिरजेस नर्सिंगच्या शिक्षणाला होती. “मला लिवाय येतंय,” ते म्हणाले, “पन माजं अक्षर बगून तिला वाटतंय बापाला ताप आलाय. तवा तूच लिव.” मी लिहिले. माझ्या अक्षराची या भागात ख्याती आहे. त्या दिवसापासून मी त्यांना दत्तूमामा म्हणू लागलो आणि ते मला वकील म्हणू लागले. ती थट्टा होती हे मला कळत होते, परंतु मी ती सुधारण्याचा आग्रह कधी धरला नाही.

दत्तूमामा कोल्हापुरात एका तालमीच्या संघातून फुटबॉल खेळत, तोही अनवाणी. खेळायचे वय सरल्यावर त्याच संघाचे चेंडू शिवू लागले. कतारला आले ते रंगारी म्हणून. क्लबाच्या भिंतीला रंग देण्याचे काम चालू असताना, आत सरावातल्या एका चेंडूची शिवण उसवलेली त्यांना शिडीवरून दिसली. ते शिडी उतरून सरळ मैदानात गेले, चेंडू उचलला, खिशातला सुईदोरा काढला आणि मध्यरेषेवर मांडी घालून शिवत बसले. सराव थांबला. ओरडायला आलेल्या माणसाच्या हातात त्यांनी शिवलेला चेंडू ठेवला आणि म्हणाले, “मारके देखो.” क्लबाने त्यांना ठेवून घेतले. भिंतीचा खालचा अर्धा भाग पुढे कैक वर्षे बिनरंगाचाच होता.

त्या मैदानावर तेव्हा वाळू अधिक आणि गवत कमी, अशी स्थिती होती. टँकरच्या गोड्या पाण्यावर दत्तूमामांनी त्यात वीतवीत करून गवत वाढवले. रोज पहाटे, ऊन चढण्याआधी, चपला हातात धरून ते मैदानाला एक पूर्ण फेरी घालत. कुठे जमीन कडक झाली, कुठे खड्डा पडला, हे त्यांना तळपायाने कळे. “गवताला इचारल्याबिगर त्येच्यावर पाय टाकू ने,” असे ते म्हणत. नवीन आलेले खेळाडू पहिले दोन दिवस हसत. तिसऱ्या दिवशी तेच त्यांच्याजवळ येऊन विचारीत, “दत्तू, आज किधर नरम है?”

आता मुख्य प्रकरणाकडे येतो.

फुटबॉलच्या संघात एक खेळाडू असा असतो की जो मैदानाच्या मधोमध राहून सगळ्यांना चेंडू पुरवतो. संघाचा डाव त्याच्या पायातून निघतो. जाणकार लोक त्याला निरनिराळी इंग्रजी नावे देतात. दत्तूमामा त्याला वाढपी म्हणत. एका शुक्रवारी कोयाच्या स्वयंपाकघरात आम्ही जेवत असताना त्यांनी मला हे समजावून दिले. कोया भाताचे पातेले घेऊन फिरत होता.

“ह्येच्याकडं बग,” दत्तूमामा म्हणाले. “कुनाचं पान रिकामं हाय, कुनाला सांबार पायजे, कोन लाजून मागत न्हाई, समदं ह्येला दिसतंय. मान खाली घालून वाढतोय काय? न्हाई. पातेलं हातात आनि डोळं पंगतीवर. मदला गडी असा पायजे. आनि त्येचं सोताचं पान शेवटाला.”

“मेरे बारे में क्या बोलता है?” कोयाने विचारले.

“बोलता है कि तू फुटबॉल खेल,” मी म्हणालो.

“मैं खेलूँगा तो खाना कौन पकाएगा? ये वकील? पूरा टीम हॉस्पिटल जाएगा।”

त्या उन्हाळ्यात क्लबाचा जुना वाढपी गुडघ्यामुळे खेळातून निवृत्त झाला. पहिल्या भेटीत माझ्या टेबलावर ठेवलेला बूट त्याचाच होता, हे मला तेव्हा समजले. हंगामापूर्वी तीन आठवड्यांचे सराव शिबिर लागले. खेळाडू क्लबातच राहायला आले. पहाटे एक सराव आणि असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या, नमाजानंतर दुसरा, मधल्या उन्हात झोप, असा क्रम ठरला. आणि साऱ्या दोह्यात, निदान माझ्या दुकानासमोरच्या चहाच्या टपरीवर तरी, एकच प्रश्न चर्चेला होता, की यंदा मध्ये कोण?

बहुतेकांच्या मते उत्तर ठरलेले होते. क्लबाने दक्षिण अमेरिकेतून सिल्वा नावाचा खेळाडू आणला होता. उंच, देखणा, चेंडू पायाला बांधल्यासारखा घेऊन पळणारा. इंग्रज प्रशिक्षक मिस्टर हॅरिस त्याला रोज मध्ये खेळवीत. दुसरे नाव यूसुफचे. यूसुफ इथलाच, पंचविशीतला, सकाळी बंदरावरच्या कस्टम कचेरीत कारकुनी करून दुपारनंतर सरावाला येणारा. तीन हंगाम तो राखीव खेळाडूंत बसून होता. बोलायचा इतका कमी की त्याचा आवाज कसा आहे हे कोयाला ठाऊक नव्हते.

शिबिराचा दुसरा आठवडा संपताना दत्तूमामा माझ्या दुकानात आले. या खेपेस दोन्ही काखांत एकेक जोड होता. टेबलावरचे कागद मी अगोदरच बाजूला घेतले.

“ह्यो सिल्वाचा,” ते म्हणाले. “उजव्याचं टोक खाल्लंय, डावा नव्यावानी. म्हंजे ह्यो चेंडू घेतोय आनि समोर पळतोय. मागं-बाजूला बगत न्हाई. वाईट हाय असं मी म्हनत न्हाई. ह्येला भूक मोठी हाय. ह्येला म्होरं बशीव आनि वाढत ऱ्हा. पन ह्येच्या हातात पळी दिऊ नको. आता ह्यो बग यूसुफचा.”

मी पाहिले. मला दोन जुने बूट दिसले.

“दोन्ही सारखं झिजल्यात. चवड्याखाली. टाच कोरी. ह्यो गडी चेंडू यायच्या आदीच दोन्हीकडं वळून बगून घेतोय. तीन वर्सं ह्येचं बूट पुसतोय मी. राखीवमदी बसून बी असं झिजल्यात, तर खेळल्यावर कसं झिजतील?”

“मग हे प्रशिक्षकांना सांगा.”

“मी सांगितलं तर हसत्यात. बूट पुसनारा आनि संघ निवडतोय म्हनून. पन कागद आसला की हसत न्हाईत. तू लिव, वकील. हॅरिससायबाला लिव, शेक्रेटरीसायबाला लिव. सई मी करतो.”

मी लिहिले. आजही मला वाटते की माझ्या हातून झालेल्या इंग्रजी अर्जांत तो एक उत्तम अर्ज होता. बुटांच्या झिजेचे वर्णन मी तीन परिच्छेदांत केले, पळी आणि पंगत यांना योग्य इंग्रजी प्रतिशब्द योजले, आणि शेवटी, हात सवयीने चालत असताना, माझी नेहमीची शेवटची ओळ घातली.

त्या ओळीचा खुलासा करणे आवश्यक आहे. ज्या कामगाराला मालक रजा नाकारतो त्याच्या अर्जाखाली मी पुढील अर्थाचे वाक्य घालत असे: ‘सदर विनंती अमान्य झाल्यास किंवा चुकीची ठरल्यास अर्जदारास सेवेतून मुक्त करून मायदेशी पाठवावे.’ चांगला वेल्डर गमावण्यापेक्षा मालक त्याला रजा देऊन टाकीत. ती ओळ मी शेकडो वेळा लिहिली असेन. ती लिहिताना मी विचार करीत नसे, जसा आपण पत्रावर ‘श्री’ लिहिताना करीत नाही. दत्तूमामांनी सही केली. अर्ज इंग्रजीत असल्याने तो त्यांनी वाचला नाही, आणि मी तो वाचून दाखवला नाही.

दोन दिवसांनी दुपारी ते आले तेव्हा त्यांच्या काखेत काहीच नव्हते.

“वकील, तू काय लिवलंस रं?”

मी विचारले, काय झाले. क्लबाचे सेक्रेटरी अबू राशिद यांनी त्यांना कचेरीत बोलावले होते. समोर अर्ज होता. अबू राशिद त्यांना म्हणाले, “दत्तू, तुम लिखा है, यूसुफ अच्छा। मिस्टर हॅरिस बोलता है, ठीक है, जुम्मे को मॅच है, यूसुफ बीच में खेलेगा। लेकिन तुम ये भी लिखा है, तुम गलत तो तुम घर जाएगा। टीम हारा, तुम खलास। मैं नहीं बोला। तुम बोला।”

मी त्या अर्जाचा कच्चा, बिनतारखेचा खर्डा काढला आणि शेवटची ओळ त्यांना मराठीत वाचून दाखवली. त्यांनी माझ्या चपलांकडे पाहिले.

“पोरीचं अजून दीड वरीस हाय,” एवढेच ते म्हणाले.

मी तत्काळ कोरा कागद घेतला. दुसरा अर्ज लिहितो, म्हणालो. पहिला अर्ज मागे घेतो, ती ओळ नजरचुकीने पडली असे कळवतो, दोष माझा आहे असे लिहून खाली माझी सही करतो. असे मी आयुष्यात कोणासाठी लिहिले नव्हते.

दत्तूमामांनी कागदावर तळहात ठेवला. “अर्ज मागं घेतला तर यूसुफबी मागं जातोय न्हवं?”

मी पेनाला टोपण लावले, कारण उत्तर होय असे होते.

“मग ऱ्हाऊ दे. बूट वाचलं ते माज्या डोळ्यांनी वाचलं. तू फकस्त जरा जास्ती शाई सांडलीस.” ते उठले. दारातून परत वळून त्यांनी बजावले, “आनि यूसुफला ह्यातलं एक अक्षर कळाय नको. वाढप्याच्या डोक्यावर वज्जं ठेवलं की हात कापतोय.”

शुक्रवारपर्यंत माझ्या हातून एकही अर्ज धड झाला नाही. एका ड्रायव्हरच्या अर्जात मी त्याच्या वडिलांच्या जागी त्याचेच नाव लिहिले.

सामना तेल कंपनीतल्या कामगारांच्या संघाशी होता. ते लोक अंगाने धिप्पाड आणि खेळाने रांगडे. असरनंतर खेळ सुरू झाला. ऊन कलले होते तरी बाकावर हात ठेवला की भाजत होता. मी दुकान बंद करून गेलो होतो आणि कोयाशेजारी बसलो होतो; अटीची गोष्ट मी त्याला आधीच सांगून टाकली होती. कोयाने रात्रीचे कालवण एका मदतनिसावर सोपवले होते. त्याच्या मते ही त्यागाची परिसीमा होती.

पहिल्या अर्ध्या भागात यूसुफ चाचपडत होता. चेंडू यायचा आणि त्याच्या पायाखालून पुढे निघून जायचा. वळताना दोनदा घसरला. आमच्यावर एक गोल झाला. सिल्वा पुढे उभा राहून दोन्ही हात पसरून चेंडू मागत होता. कोया म्हणाला, “दत्तू का टिकट बन गया।” मी त्याला गप्प बसायला सांगितले. मध्यंतराची शिट्टी झाली तेव्हा दत्तूमामा कुठे आहेत म्हणून मी पाहिले. ते यूसुफकडे पाहतच नव्हते. ते त्याच्या पायांकडे पाहत होते.

ते पिशवी उचलून चालू लागले, मग पळू लागले. मीही मागोमाग गेलो. खेळाडूंच्या बाकाजवळ त्यांनी यूसुफचा पाय धरून वर केला. पायात नवे कोरे, चकाकते बूट होते. पहिल्यांदा मध्ये खेळायचे म्हणून खुद्द अबू राशिद यांनी मोठ्या मायेने ते त्याला सकाळी भेट दिले होते, आणि मोठ्या माणसाची भेट म्हणून यूसुफने ते मुकाट्याने घातले होते.

“ये किसने पैनाया?” दत्तूमामा ओरडले. अबू राशिद तीन हातांवर उभे होते. “मैं,” ते म्हणाले.

“साब, अच्छा है। मगर आज नहीं।” त्यांनी यूसुफच्या नाड्या सोडायला सुरुवातही केली होती. पिशवीतून जुना जोड निघाला. चवड्याखाली झिजलेला, टाचेला कोरा. तो त्यांनी रोजच्यासारखा तेल लावून ठेवला होता. घालून झाल्यावर त्यांनी यूसुफच्या दोन्ही घोट्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, “यूसुफ, सबको खाना दो। सिल्वा को जास्ती दो, उसको भूक बहुत है। खुद का बाद में देखो। यल्ला, चलो।”

यूसुफ हसला. त्याला हसताना मी प्रथमच पाहिले. मग तो बोलला, आणि कोयाची शंका कायमची मिटली. “दत्तू,” तो म्हणाला, “मैं भी भूखा है।”

दुसऱ्या अर्ध्या भागाचे वर्णन करण्यास मी असमर्थ आहे, कारण मला फुटबॉल तितकासा कळत नाही. एवढे मात्र मी शपथेवर सांगतो की चेंडू मैदानात कुठेही असो, तो थोड्या वेळाने यूसुफकडे येत असे आणि यूसुफपाशी थांबत नसे. ज्याच्याजवळ जागा मोकळी त्याच्या पुढ्यात जाऊन पडत असे. सिल्वाला एकदा असा चेंडू मिळाला की त्याला फक्त पाय लावायचा उरला होता. बरोबरी झाली. त्यानंतर सिल्वा धावत यूसुफकडे गेला आणि त्याने स्वतःच्या पोटावर हात फिरवून दाखवला. त्यांच्यात हे बोलणे कोणत्या भाषेत झाले होते ते मला आजतागायत कळलेले नाही.

शेवटची दहा मिनिटे मी डोळे मिटून बसलो होतो. सामना एक-एक असा सुटला.

जिंकलो नाही, हरलो नाही. आता दत्तूमामांचे काय, हा प्रश्न अर्जात नव्हता आणि अबू राशिद यांच्या अटीतही नव्हता. ते अर्ज हातात घेऊन मैदानात उतरले. पाठोपाठ मिस्टर हॅरिस आले. दत्तूमामा खाली बसून ओले बूट गोळा करत होते. ज्या माणसाच्या नोकरीचा निकाल लागायचा होता तो एकटाच तिथे कामात होता.

“दत्तू,” अबू राशिद म्हणाले, “बराबर हुआ। अब तुम क्या बोलता है?”

दत्तूमामांनी मान वर केली. “साब, उधर गोल के पास घास जल गया है। पहले पानी देना है। बाद में बोलेगा।”

अबू राशिद असे हसले की त्यांना डोक्यावरची रुमालवजा गुत्रा सावरावी लागली. मिस्टर हॅरिस इंग्रजीत जे म्हणाले ते मी शब्दशः ऐकले असून त्याचा आशय असा की, मधला खेळाडू मला मिळाला आहे, आणि ज्याने तो मिळवून दिला त्याला कोणी घरी पाठवणार असेल तर त्याच विमानाचे माझेही तिकीट काढावे.

अबू राशिद माझ्याकडे वळले. “मुन्शी, ये आखिरी लाइन कौन लिखा?”

“मैं, साहब.”

“ये लाइन खलास। आगे से नहीं।” त्यांनी अर्ज दत्तूमामांच्या हातात दिला. दत्तूमामांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, त्याचा बोळा केला आणि यूसुफच्या घामाने भिजलेल्या उजव्या बुटात घट्ट कोंबला. माझ्या चेहऱ्याकडे पाहून ते म्हणाले, “नाराज हू नगंस, वकील. कागद भारी हाय. ओल चांगली ओढतोय.”

त्या दिवसापासून मी कोणताही अर्ज सही होण्यापूर्वी अर्जदाराला त्याच्या भाषेत, शेवटच्या ओळीपर्यंत, मोठ्याने वाचून दाखवतो. त्यामुळे माझ्या कामाचा वेग मंदावला आहे, अशी तक्रार काही गिऱ्हाइके करतात. ती तक्रार मी ऐकून घेतो.

यूसुफ पुढे बरीच वर्षे मध्ये खेळला. सिल्वा पुढे खेळला, खूश राहिला, आणि जाताना कोयाला मिठी मारून रडला. त्या हंगामाच्या अखेरीस क्लबाने एक चषक जिंकला आणि संघाचे छायाचित्र काढले गेले. ते क्लबाच्या दर्शनी खोलीत लावले आहे. खाली प्रत्येकाचे नाव आहे: खेळाडू, मिस्टर हॅरिस, अबू राशिद, डॉक्टर, इतकेच काय, कोणी पाहुणे आले होते त्यांचेही. मागच्या रांगेच्या डाव्या टोकाला एक खांदा, एक कान आणि बुटांची एक पिशवी दिसते. नावांची यादी त्या खांद्यानंतरच्या माणसापासून सुरू होते.

ते छायाचित्र मी दत्तूमामांना दाखवले आणि अर्ज करू का म्हणून विचारले. ते खूप हसले. “वाढप्याचा फोटो कोन काडतंय, वकील? पिशवी आली की. पिशवी बग कशी झ्याक आलीय.”

मुलगी परिचारिका झाली, तिला मिरजेतच नोकरी लागली, तरी दत्तूमामा काही वर्षे राहिले. गवताला सोडवत नाही, म्हणत. ऐंशीचे दशक अर्धे झाल्यावर एकदाचे निघाले. विमानतळावर कोया, यूसुफ आणि मी असे तिघे पोचवायला गेलो. यूसुफने त्यांना एक खोके दिले. ते त्यांनी तिथेच उघडले. आत तेच जुने बूट होते, आणि उजव्या बुटात तोच बोळा. यूसुफने तो कधी टाकलाच नव्हता. म्हणजे त्या अर्जाची त्याला माहिती होती की काय, आणि असल्यास केव्हापासून, हे मी त्याला विचारले. त्याने फक्त खोक्याचे झाकण लावून दिले. कोया मात्र छताकडे पाहू लागला, त्यावरून त्याला ते कोणी सांगितले हे मी समजलो.

दत्तूमामांनी खोके काखेत धरले. मग, इतकी माणसे आजूबाजूला असताना, ते वाकले आणि त्यांनी माझ्या चपला पाहिल्या.

“सरळ झिजाय लागल्यात रं,” ते म्हणाले, आणि आत गेले.

गेल्या महिन्यात मिरजेहून त्यांच्या मुलीचे पत्र आले. दत्तूमामा खुशाल आहेत. सकाळी तालमीच्या मैदानावर चपला हातात घेऊन फिरतात, आणि रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी लोकांच्या चपलांवर मत देतात म्हणून घरचे त्रासून गेले आहेत. त्याच महिन्यात कोयाने बातमी आणली की क्लब नव्या इमारतीत जात आहे आणि जुनी छायाचित्रे नव्या चौकटींत बसवली जाणार आहेत. नावेही नव्याने लिहिली जाणार आहेत. या दोन गोष्टी एकत्र आल्याने मी दत्तूमामांची परवानगी न घेता प्रस्तुत अर्ज करीत आहे. याची इंग्रजी प्रत क्लबास सादर केली असून, मराठी प्रत वाचकांस अशासाठी की, ज्याच्या नावाची मागणी आहे तो माणूस कोण, हे कोणास तरी माहीत असावे.

तरी विनंती की, उपरोक्त छायाचित्रातील मागच्या रांगेच्या डाव्या टोकास असलेला खांदा, कान व पिशवी ही दत्तोबा बाळकू साळोखे, कोल्हापूर, यांची असल्याची खात्री वरील साक्षीदारांकडून करून घ्यावी आणि त्यांचे नाव यादीत सर्वांच्या आधी, म्हणजे ते जिथे उभे आहेत तिथे, लिहावे. केलेल्या कार्यवाहीचे उत्तर माझ्या दुकानाच्या पत्त्यावर कृपया लेखी द्यावे.

हा अर्ज मी कोयाला हिंदीत व यूसुफला मोडक्या अरबीत पूर्ण वाचून दाखवला आहे. नेहमीची ती शेवटची ओळ यात नाही. तिच्या जागी दोघांनी सह्या केल्या आहेत, आणि त्यांच्या खाली माझी.